'चले जाव' की 'छोडो भारत'?

मुलीच्या पुस्तकात १९४२ च्या आंदोलनाचं नाव 'छोडो भारत' आहे आणि घरातली वडीलधारी मंडळी 'चले जाव' म्हणतात, तर बरोबर कोणतं, असं एकांनी विचारलंय. दोन्ही बरोबर आहेत. पण माझं मन 'चले जाव'कडे झुकतं.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँक मैदानावर काँग्रेस महासमितीने ठराव संमत केला. मूळ घोषणा 'क्विट इंडिया'. तिचं श्रेय युसुफ मेहेरअलींना देतात. इंग्रजीत घरमालक भाडेकरूला जागा खाली करायला सांगतो त्या नोटिशीतही हाच 'क्विट' येतो. हिंदीने 'भारत छोडो' म्हणून देशाचं नाव ठेवलं. 'चले जाव'मध्ये ना देश, ना इंग्रज. दारात उभं राहून बाहेर बोट दाखवत म्हणावेत असे दोनच शब्द. चले जाव!

मूळ हिंदी 'चले जाओ'. शेवटच्या 'ओ'चा आपण 'व' करून टाकला, जसा 'हटाओ'चा 'हटाव' केला. 'अतिक्रमण हटाव' लिहिताना ते हिंदी आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. 'चले जाव'ला तर आपण थेट मराठी प्रत्यय लावले. आमच्याकडे आजोबांची ओळख करून देताना आजी एवढंच म्हणायची, "हे चले जावात आत होते." आत म्हणजे तुरुंगात, हे सांगावं लागत नसे. क्रियापदाची आज्ञा होती, तिचं नाम झालं आणि नामाला सप्तमी लागली. शब्द आपला झाला याचा याहून मोठा पुरावा मला नको.

सातारा, सांगलीकडे मात्र नुसतं 'बेचाळीसला' म्हटलं तरी पुरतं. नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना समांतर सरकार, तिकडचंच. लोकांनी त्याचं 'पत्री सरकार' केलं आणि तळपायावर पत्री ठोकण्याची गोष्ट त्याला जोडली. त्यावर वेगळी चर्चा व्हायला हवी.

एक विनंती. हल्ली फलकांवर, निमंत्रणपत्रिकांवर 'चले जावं' असा अनुस्वार दिसतो. तो देऊ नका. 'जावं' म्हणजे 'गेलं तर बरं'. ९ ऑगस्टच्या पहाटे ज्यांना पकडून नेलं, ते असं म्हणाले नव्हते.