शुगर काठावर आलीय, कुठला व्यायाम लावू? (बजेट २,०००)

काठावरचा_केशव: वय ४४, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.१. गोळी नाही. डॉक्टर म्हणाल्या, शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालंय, व्यायाम लावा. कुठला ते विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत. अर्धा तास मिळतो, खर्च २,००० पर्यंतच.

नाना_कोथरूड: डोळे झाकून ट्रेडमिल घ्या. आमचा ५८,०००चा. मोटर एक नंबर. चिखल नाही, कुत्री नाहीत.

खवचट: नाना, बजेट वाचलंत का? आणि त्यावर टॉवेल वाळतात हे वहिनींनी मागच्या धाग्यावर फोडलंय.

मीनल_ताई: रोज १२ सूर्यनमस्कार. भात बंद.

सह्यभटक्या: भाताने काय घोडं मारलंय? आजोबा तिन्ही त्रिकाळ भात खायचे.

मीनल_ताई: आजोबा नांगर धरायचे. तुम्ही माऊस धरता.

फिजिओ_वैदेही: केशवदादा, इन्शुलिन रक्तातली साखर पेशीत घालतं, पण काम करणारा स्नायू त्याची वाट बघत नाही. ग्लुट४ नावाची प्रथिनं पेशीच्या कडेला येतात आणि साखर आत ओढतात. व्यायामानंतर इन्शुलिनलाही एक-दोन दिवस जास्त दाद मिळते, मग ओसरते. म्हणून सलग दोन दिवसांहून जास्त खाडा नको. चालण्याने आहे तो स्नायू कामाला लागतो, वजनांनी वाढतो, म्हणजे साखर साठवायला जागा वाढते. २००७ च्या कॅनडातल्या चाचणीत टाइप २ मधुमेहवाल्यांचं एचबीए१सी एकेका प्रकारापेक्षा दोन्ही मिळून जास्त उतरलं. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाला, दोनतीनदा वजनांऐवजी व्यायामाचा रबरी पट्टा ओढा. पट्टा पाचशेच्या आत मिळतो.

सह्यभटक्या: चालण्याला +१. पण जेवून चाला. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात रोज एकदम ३० मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटं चालून जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली.

गोळीवाला: मी ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) घेऊन उपाशीपोटी पळालो. शुगर ५४, बागेतल्या बाकावर आडवा. माळ्याने चहात चार चमचे साखर घालून पाजली.

फिजिओ_वैदेही: त्यांना गोळीच नाही हो. पण तुमच्यासारख्यांनी डॉक्टरांना विचारूनच पळावं. उलट, फार जोरात पळालं तर अ‍ॅड्रिनलिनमुळे साखर थोडा वेळ चढलेलीही दिसते. घाबरू नका.

नाना_कोथरूड: ट्रेडमिलवर वेग ठरवता येतो.

काठावरचा_केशव: सर्वांचे आभार. ढोलपथकात नाव घातलं. कमरेला ढोल, दोन तास उभं राहून वाजवायचं, म्हणजे वजनही आलं आणि दमही. वर्गणी बजेटात.

फिजिओ_वैदेही: आणि विसर्जनानंतर?

खवचट: नानांचा ट्रेडमिल तोवर विकायला निघेल.