डिप्रेशनला ‘नैराश्य’ म्हणावं का?

आबोली
माहितीपत्रकांवर डिप्रेशनसाठी सरसकट ‘नैराश्य’ छापतात. मला ते पटत नाही. परीक्षेत नापास झालेला मुलगाही निराश होतो आणि चार दिवसांत सावरतो. आजारात किमान 2 आठवडे, जवळजवळ रोज, मन खिन्न राहतं किंवा कशातच रस उरत नाही. जोडीला झोप, भूक, थकवा वगैरे धरून डॉक्टरांच्या यादीतल्या 9 पैकी किमान 5 लक्षणं भरतात. ‘कशात मन लागत नाही’ असं छापा, वाचणारा स्वतःला ओळखेल.

रानपाखरू
साफ अमान्य. वाक्यातून लक्षण कळतं, आजाराला नाव लागतंच. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला सांगितलं. दाव्याच्या अर्जावर ‘मन लागत नाही’ लिहिणार का? लोक ‘साखर’ म्हणतात, म्हणून कागदावरचा मधुमेह पुसत नाही कोणी.

आबोली
अर्जावर राहू दे की! मी माहितीपत्रकाबद्दल आणि लक्षणं ओळखायच्या प्रश्नावलीबद्दल बोलतेय. गोव्यात घरी कोंकणी, वाचन मराठी. मराठीत खंत म्हणजे राहून गेलेल्या गोष्टीची बोच. कोंकणीत खंत म्हणजे सरळ दुःख. ‘खंत वाटते का?’ या प्रश्नाला एक जण अपराधीपणाबद्दल ‘हो’ म्हणेल, दुसरा खिन्नतेबद्दल. लक्षणं दोन, खूण मात्र एकाच चौकटीत.

कुळागर
क्रियापदही तपासा. ‘दुःख होतं’ म्हटलं की ते आपसूक येतं; ‘दुःख करत बसलाय’ म्हटलं की दोष त्याच्याच माथी. प्रश्नावलीत ‘करता का?’ आलं की माणूस ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. शोक मृत्यूनंतरचा, हळहळ दुसऱ्याच्या नुकसानीची, रुखरुख छोट्या चुकीची. यांतला एकही शब्द इथे चालणार नाही. ‘उदासीनता’ तर नकोच, संस्कृतात उदासीन म्हणजे तटस्थ. ‘सरकार उदासीन आहे’ म्हणतो तेव्हा सरकारला वाईट वाटतंय असा अर्थ होत नाही. नाव हवंच, आणि त्यातल्या त्यात ‘नैराश्य’च बरं.

रानपाखरू
खंतीचा मुद्दा मान्य, तो प्रश्न बदलायलाच हवा. पण नाव लपवलं की आजारही लपवण्यासारखा वाटतो. ‘नैराश्य’ मथळ्यातच हवं.

आबोली
मथळ्यात नको, रानपाखरूबाब. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करणारा ‘मला नैराश्य आहे’ म्हणत नाही. ‘टेन्शन येतं’, ‘झोप लागत नाही’ म्हणतो. मथळ्यात त्याचे शब्द असू देत, नाव खालच्या ओळीत.