‘पटेल ते घ्या’ म्हणणाऱ्यांसाठी

जुनं खोड

परवाच्या लेखाला प्रतिसाद द्यायला बसलो, तो लांबला, म्हणून वेगळा धागा. लेखकाचं म्हणणं थोडक्यात: गुरू, संप्रदाय, दीक्षा या जुन्या काळाच्या गरजा. आता सगळं वाचायला मिळतं. ज्यातलं जे पटेल ते घ्यावं, नाही पटलं ते सोडावं, काही वर्षांत प्रत्येकाचा स्वतःचा मार्ग तयार होतो. खाली नेहमीप्रमाणे वाहवा.

‘स्वतःचा’ म्हणा, खुशाल म्हणा. माझं भांडण ‘पटेल ते’ शी आहे. पटतं कोणाला? ज्या मनाला वळण लावायचं म्हणून हा सगळा खटाटोप, त्यालाच परीक्षक नेमायचं? तापट माणसाला मौन कधी पटत नाही आणि आळशाला ‘सहज राहा’ लगेच पटतं. योगसूत्रकार पतंजलींनी अभ्यासाला अटी घातल्यात: दीर्घकाळ, खंड न पाडता, आदराने. त्यांच्या नऊ अंतरायांतले, म्हणजे साधनेतल्या अडथळ्यांतले, शेवटचे दोन पाहा. भूमिका, म्हणजे साधनेतली पायरी, हाती न लागणं, आणि लागली तरी तिथे न टिकणं. दर दोन वर्षांनी नवी पद्धत धरणाऱ्यांची कुंडलीच मांडलीय.

आणि अनेक वाटा चालले म्हणून रामकृष्ण परमहंसांचं उदाहरण कृपया देऊ नका. तंत्र भैरवी ब्राह्मणीकडून, अद्वैत तोतापुरींकडून, १८६६ साली इस्लामची साधना केली तीही दीक्षा घेऊन. प्रत्येक वाटेला शिकवणारा होता आणि प्रत्येक वाट ते टोकापर्यंत चालले.

उंबरठा

मग बुद्धाचं देतो. आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त, त्या काळचे दोन ध्यानगुरू, दोघांकडे शिकला. दोघांनी जे शिकवलं ते पूर्ण आत्मसात केलं. दोघांनीही मान दिला, पहिल्याने आपल्या बरोबरीने बसवायची तयारी दाखवली, दुसऱ्याने तर आचार्यपदच देऊ केलं. तरी सोडून गेला, कारण त्याला हवं होतं ते तिथे नव्हतं. तुमच्या हिशेबाने हा ‘अनवस्थितत्व’ वाला, म्हणजे कुठे न टिकणारा, साधक झाला की!

मी स्वतः एका गुरूंकडे बरीच वर्षं काढली. प्रश्न विचारला की ‘अजून तयारी नाही’ हे उत्तर. गीतेत गुरूपुढे प्रणिपाताबरोबर (नमस्कार) परिप्रश्न (विचारणं) आणि सेवा, तिन्ही आहेत. आमच्याकडे मधला शब्द गाळलेला होता. बाहेर पडल्यावर पहिल्यांदा नीट वाचायला लागलो. तेव्हा परीक्षक कोण हे मला नका शिकवू.

जुनं खोड

‘पूर्ण आत्मसात केलं’ हे तुम्हीच लिहिलंत. मीही तेच म्हणतोय. धन्यवाद.

उंबरठा

सोयीचं तेवढं उचललंत. म्हणजे ‘पटेल ते घ्या’ तुम्हीही पाळता.

वाळवी

जे. कृष्णमूर्ती आले नाहीत अजून? लोकांनी त्यांच्यासाठी उभी केलेली संघटना १९२९ मध्ये त्यांनीच विसर्जित केली, सत्याला कुठलाही मार्ग जात नाही म्हणाले. नंतर १९८६ पर्यंत गावोगावी तेच ऐकायला गर्दी. दोन्ही बाजूंनी आपापला आनंद घ्यावा. (हलके घ्या.)

संथ गती

मूळ लेखाच्या बाजूने थोडं. मला कोणी गुरू मिळाला नाही, शोधलाही नाही. एकच ग्रंथ वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा वाचला, त्यातलं एकच धरून रोज बसतो.

अवांतर: गुडघ्यांमुळे आता खुर्चीवर बसतो. काही फरक पडतो का?

दंडक

पडतो. मांडी घातल्याशिवाय बैठक स्थिर होत नाही. खुर्चीवरचं ध्यान म्हणजे वाट पाहणं.

संथ गती

पतंजलींनी आसनावर जेमतेम तीन सूत्रं लिहिलीत. स्थिर आणि सुखकर, एवढंच. पद्मासनाचं नावही नाही.

दंडक

नाव योगसूत्रांवरच्या भाष्यात आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन कसं असावं ते दिलंय, कुश (दर्भ), अजिन (मृगचर्म), वस्त्र. फार उंच नको, असंही म्हटलंय. खुर्ची उंच असते.

वाळवी

मग अजिनाची सोय केलीत का? की योगा मॅट पटली म्हणून घेतली?

दंडक

टिंगल सोपी असते. जपानचा झेन गुरू दोगेनही पूर्ण किंवा अर्ध पद्मासनच सांगतो. हजारो मैलांवरची माणसं एकच गोष्ट सांगतात तेव्हा त्यात काहीतरी असतं.

उंबरठा

असतं, तरुण गुडघे असतात. माझ्या आधीच्या ठिकाणी एका वयस्कर बाईंना खुर्ची नाकारली. त्या यायच्याच बंद झाल्या. याला तुम्ही परंपरा म्हणणार?

काठावरची

सगळा वाद वाचला. मांडी की खुर्ची यावर इतके प्रतिसाद, आणि तुम्ही बसलेले असताना घर कोण चालवतं यावर एकही नाही. माझे सासरे पहाटे दोन तास बसायचे. खंड पडला नाही कधी, कारण सासूबाईंनी कोणालाच त्या खोलीकडे फिरकू दिलं नाही. लहान मुलं, आजारपणं, पाहुणे, सगळं दाराबाहेर त्यांनी थोपवलं. दीर्घकाळ, नैरंतर्य, आदर, तिन्ही अटी सासूबाईंनी पाळल्या आणि साधक म्हणून नाव सासऱ्यांचं. मला सलग दहा मिनिटं मिळतात तेव्हा मी उभ्याने नामस्मरण करते. दंडक, त्याला काय म्हणणार? वाट पाहणं?

दंडक

नामस्मरणाला आसनाचं बंधन नाही. मी ध्यानाबद्दल बोलत होतो.

काठावरची

छान. म्हणजे ज्यांना बसायला मिळतं त्यांचं ध्यान, बाकीच्यांचं नामस्मरण.

संथ गती

संत बहिणाबाई आठवल्या, तुकोबांच्या शिष्या. नवऱ्याचा मार खाऊन, घर न सोडता साधना केली. तुकोबांचा उपदेश त्यांना स्वप्नात झाला. खुद्द तुकोबांनाही त्यांचे गुरू बाबाजी स्वप्नातच भेटले. दीक्षा समोरासमोर हवीच म्हणणाऱ्यांनी हेही मोजावं.

जुनं खोड

मी ‘समोरासमोर हवीच’ असं कुठे लिहिलंय ते दाखवा. धागा गुडघ्यांवर गेला तेव्हाच आशा सोडली होती. पण संथ गती, तुमच्याबद्दल एक मान्य करावं लागेल, नाइलाजाने. तुम्ही एक धरलंत आणि सोडलं नाहीत. तुमच्यावर माझा आक्षेप लागू होत नाही. तो मूळ लेखकावर आहे, ज्यांच्या यादीत एका वर्षातच चार पद्धती आहेत.

उंबरठा

आणि एका जागी वर्षानुवर्षं बसून काहीच न बदललेला माणूस? त्याच्यावर आक्षेप नाही? मी अशांच्यातच राहिलोय. जपाची संख्या वाढत गेली आणि चिडचिडही.

जुनं खोड

आहे की. ‘आदराने’ ही तिसरी अट त्यासाठीच आहे. ती मोजता येत नाही म्हणून सगळे जपाची संख्या मोजतात.

उंबरठा

मोजता येत नाही, मग ती पाळली गेली की नाही हे ठरवणार कोण? आलात ना पुन्हा परीक्षकावर.

काठावरची

घरच्यांना विचारा. त्यांना बरोबर माहीत असतं. सासूबाईंना कोणी विचारलं नाही.

दंडक

खुर्चीचा मुद्दा अजून कोणी खोडलेला नाही, हे नोंदवून ठेवतो.