सहाचं बीपी पाच वाजताच लिहिलं, आणि नववी आज्ञा

रात्रपाळीवाली
सर्वांना सलाम. मी स्टाफ नर्स, नऊ वर्षं झाली. मूळची नगरची, सध्या पुण्यात एका खाजगी हॉस्पिटलात, मेडिसिन वॉर्डला. नाईटला २८ खाटा आणि आम्ही दोघी. चार-चार तासांनी ताप, नाडी, श्वास, बीपी घ्यायचं. रात्री दहाचं नीट होतं. दोनचं निम्मं होतं. सहाच्या वेळी रक्ताचे नमुने, इन्शुलिन, अँटिबायोटिक, साडेसातचा हँडओव्हर हे सगळं एकदम अंगावर येतं, म्हणून सहाचे आकडे पाचच्या आधीच भरून ठेवायची वॉर्डाची पद्धत आहे. आधीच्या रकान्यात १३० असेल तर १२८ लिहायचं. श्वास तर कोणीच मोजत नाही, सगळ्यांना वीस.

गेल्या आठवड्यात खाट १४ च्या काकूंना सव्वापाचला आयसीयूत हलवलं. सकाळी फाईल पाहिली तर सहा वाजता, माझ्या सहीने, बीपी १२०/८०. खाटेवर गादीसुद्धा नव्हती हो!

इनचार्ज सिस्टर हसल्या, म्हणाल्या, "व्हाइटनर लाव आणि घरी जा." बाई वाईट नाहीत, माझ्या बाळंतपणात त्यांनीच ड्युट्या सांभाळल्या.

माझी आजी मिरजेला मिशन दवाखान्यात शिकलेली, वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली बांधला तिथे. आजी आता नाही. पण त्या दिवशी बसमध्ये तीच डोळ्यांपुढे.

खोटं लिहिणं चूक आहे, 'खोटी साक्ष देऊ नको' ही नववी आज्ञाच, हे मला कळतं, ते विचारत नाही. पण बायबलात इफिसकरांस पत्रात धन्याच्या आज्ञेत राहायला सांगितलंय. वरची बाई 'भर' म्हणाली तर भरायचं की नाही? आणि रकाना रिकामा सोडला तर मेमो मला एकटीला नाही, जोडीच्या ज्युनिअर पोरीलाही येणार. तिची नोकरी अजून कायम नाही.

प्रभूचे लेकरू
ताई, प्रार्थना करा. प्रभू नक्की मार्ग काढील. आमेन.

खंडाळ्याचा पाळकपुत्र
आज्ञेत राहा म्हणणारा, ते पत्र लिहिणारा पौल तिथेच तोंडदेखली चाकरी नको असंही लिहितो, कलस्सैकरांस पत्रातही पुन्हा तेच. पाच वाजता लिहिलेलं सहाचं बीपी म्हणजे तोंडदेखली चाकरीच, फक्त तोंड ऑडिटवाल्याचं. बाकी मला वॉर्डातलं काही कळत नाही, तेव्हा इथेच थांबतो.

वसईचा भाऊ
आमच्या कॅथलिक मोजणीत ती आठवी आज्ञा, पण खोटी साक्ष तीच.

मला वेगळंच खटकतं. २८ खाटांना दोघी, हे गणित मांडलं कोणी? तुम्ही नाही. मग पापाचं ओझं सगळं तुमच्याच डोक्यावर का? पण ताई, राग मानू नका, तुमच्या त्या भरलेल्या रकान्यांमुळेच वरच्यांना दोघी पुरतात असं दिसतं. कागद म्हणतो सगळ्यांचं सगळं वेळेवर झालं. मग तिसरी नर्स कोण कशाला देईल?

निवृत्त सिस्टर, जालना
अगं पोरी, व्हाइटनर लावू नकोस. चुकीवर एकच रेघ, खालचा आकडा दिसला पाहिजे, शेजारी खरी नोंद, तारीख, वेळ, सही. "५.१५ ला आयसीयूत हलवले." एवढंच.

आता कामाचं. २८ जणांना चार तासांनी व्हायटल्स कशाला? निम्मे तरी स्थिर असतील. संध्याकाळच्या राउंडला डॉक्टरांच्या मागे लाग, त्यांच्याकडून आठ तासांची ऑर्डर लिहून घे. उरलेल्यांत आधी ऑक्सिजनवाले, तापवाले, नवीन भरती झालेले. पावणेसहाला घेतलं तर पावणेसहाच लिही. राहिलं तर "घेतले नाही", कारणासकट. ज्युनिअरच्या खाटा वेगळ्या वाटून दे, म्हणजे तुझ्या रकान्याचा जाब तुलाच विचारतील.

श्वासाचं मी कान धरून कबूल करते, मीही पंधरा वर्षं वीसच लिहिले. नाडी मोजून झाली की मनगट सोडायचं नाही, बोटं तशीच ठेवून छातीकडे बघायचं. पेशंटला वाटतं नाडीच चालू आहे. त्याला कळलं की तो श्वास बदलतो. पूर्ण एक मिनिट. तब्येत बिघडायला लागली की बीपीच्या आधी बऱ्याचदा श्वास सांगतो, म्हणून तो रकाना आहे.

रात्रपाळीवाली
प्रभूचे लेकरू, प्रार्थना रोज करते, पण पहाटे हात दोनच असतात.

वसईच्या भाऊंचं वाचून आधी राग आला. मग दोन दिवस तेच डोक्यात.

सिस्टर, अकरा पेशंटना आठ तासांची ऑर्डर मिळाली, त्यांचं रात्री दोनला, मग एकदम सकाळी दहाला. डॉक्टर म्हणाले, आधी का नाही बोललात? काल सहाला १७ जणांचं घ्यायचं होतं, १३ झाले. चार रकान्यांत "घेतले नाही, इमर्जन्सी भरती चालू" लिहून सही केली. हात थरथरला, खोटं कशाला बोलू. इनचार्जनी फाईल पाहिली, माझ्याकडे पाहिलं, काही बोलल्या नाहीत. मेट्रनच्या राउंडला काय होतं ते सोमवारी कळेल.

श्वासही मोजले, मिनिटभर धरून. सगळ्यांचे सोळा ते वीसच्या मध्ये आले. म्हणजे अंदाजाने लिहिलं असतं तरी फारसं चुकलं नसतं! ज्युनिअर हेच म्हणाली आणि हसत सुटली. खाट ९ चे आजोबा मात्र विचारत होते, सिस्टर, आज एवढा वेळ हात का धरला?

निवृत्त सिस्टर, जालना
मग काय सांगितलंस त्यांना?

रात्रपाळीवाली
नाडी बघतेय म्हटलं. तेही खोटंच की हो.