सरपणासाठी स्वस्तात छप्पर कसे उभारावे?

प्रश्न (यावल तालुका): आमच्या मळ्यात बाभळीचे सरपण आणि पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) उघड्यावरच पडून असते व पावसाळ्यात भिजते. घरी पाडलेल्या गोठ्याचे पत्रे, काही निंबाच्या बल्ल्या आणि ठिबकच्या जुन्या नळ्या आहेत. जमीन काळी आहे. विकतचे फारसे काही न आणता काय करता येईल?

उत्तर (चोपडा): काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे उथळ पुरलेले खांब कलतात, म्हणून शक्य असल्यास मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्यावा आणि खांबाभोवती माती न भरता दगड-मुरूम ठोकून बसवावा. बल्ल्यांची साल आधी काढावी, कारण वाळवी सालीखालीच लपते. पत्र्याला खिळा नालीत नव्हे, तर उंचवट्यावर मारावा, नाहीतर छिद्रातून पाणी ठिबकत राहते. जुन्या छिद्रांवर डांबरात भिजवलेला कापडाचा तुकडा चिकटवावा.

उत्तर (शिरपूर): पावसाळी वारा मुख्यतः नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, तेव्हा त्या बाजूला तुराट्यांचा (तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा) कूड, म्हणजे काड्यांची भिंत, घालून उरलेल्या बाजू मोकळ्या ठेवाव्यात, चारही बाजू बंद केल्यास लाकूड वाळत नाही, कुबट होते. नळ्या कूड बांधायला चालतील, पण पत्रे धरायला मुळीच नाही. वावटळीत सगळे उडेल.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. लाकूड थेट जमिनीवर रचले तर चालेल का?

उत्तर (चोपडा): नको. खाली दगड मांडून त्यावर आडव्या बल्ल्या टाकाव्यात. पऱ्हाटी वेगळी रचावी, आणि विंचू-सापाच्या भीतीने हात घालण्यापूर्वी काठीने ढोसावे.