‘ऑप्शन’ म्हणजे ‘पर्यायी’ धाव?

अमेरिकन फुटबॉलवरच्या एका लेखात ‘ऑप्शन रन’साठी ‘पर्यायी धाव’ असं वाचलं. पर्यायी रस्ता म्हणतो तसंच ना? म्हणजे पहिली धाव जमली नाही तर दुसरी?

—

नाही, आणि म्हणूनच हा शब्द इथे नको. पर्यायी म्हटलं की एक मुख्य ठरलेलं असतं. इथे डाव सुरू होतो तेव्हा चेंडू कोण पळवणार हेच ठरलेलं नसतं. ते ठरतं समोरच्या बचावपटूच्या पहिल्या पावलावर.

ट्रिपल ऑप्शन, म्हणजे तीन शक्यतांचा डाव, घ्या. बचावाच्या टोकाच्या गड्याला मुद्दाम कुणीच अडवत नाही. क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू, चेंडू फुलबॅकच्या (त्याच्या मागे उभ्या असलेल्या, चेंडू घेऊन धावणाऱ्या गड्याच्या) पोटाशी धरतो, फुलबॅकचे हात त्यावर सैलसर मिटतात आणि क्षणभर चेंडू दोघांचाही असतो. क्वार्टरबॅकची नजर मात्र त्या मोकळ्या गड्यावर. गडी जागीच थांबला तर चेंडू फुलबॅककडे सोडायचा. आत घुसला तर ओढून घेऊन बाहेर पळायचं. बाहेर असाच दुसरा मोकळा गडी असतो. तो अंगावर आला, की मागून बाजूने धावणाऱ्या साथीदाराकडे चेंडू टाकायचा. ह्याला तिकडे ‘पिच’ म्हणतात. आपल्याला पिच म्हटलं की खेळपट्टीच दिसते, तेव्हा ‘बाजूची फेक’ लिहिलेलं बरं. ती हुकून चेंडू खाली पडला, तर जो झडप घालेल त्याचा.

ज्याला अडवलंच नाही तो गडीही अशा रीतीने निकामी होतो, आणि त्याला अडवायला लागला असता तो खेळाडू दुसऱ्या कुणावर पाठवता येतो. मिझुरी विद्यापीठाचे प्रशिक्षक डॉन फरो यांनी १९४१ मध्ये ‘स्प्लिट-टी’ नावाच्या, खेळाडू उभे करण्याच्या रचनेतून हे आणलं. बास्केटबॉलमध्ये दोघे मिळून एकट्या बचावपटूवर चालून जातात, त्यावरून त्यांना ते सुचलं. १९६८ मध्ये टेक्सस विद्यापीठाच्या संघासाठी एमरी बेलार्ड यांनी ‘विशबोन’ ही अशीच रचना तयार केली आणि पुढच्याच वर्षी तो संघ राष्ट्रीय विजेता झाला.

माझं मत ‘विकल्प’ ह्या शब्दाला. व्याकरणात ‘विकल्पाने’ म्हटलं की दोन्ही रूपं सारखीच शुद्ध. शिवाय मराठीत ‘मनात विकल्प येणे’ म्हणजे शंका येणे. त्या टोकाच्या गड्याचं नेमकं तेच होतं. आत जावं तर आड, थांबावं तर विहीर.

—

मग सरळ ‘हूल’ का नको? खो-खोत देतात तशी?

—

हूल देणाऱ्याचं आधीच ठरलेलं असतं, तो फक्त दाखवतो वेगळं. ‘प्ले अ‍ॅक्शन’ ही खरी हूल: पास टाकायचं ठरवूनच धावेचं सोंग करतात. ‘विकल्प डावा’त सोंग नसतं. फुलबॅकला चेंडू खरोखरच मिळू शकतो, म्हणून तर बचावपटूला तो सोडून देता येत नाही.

क्वार्टरबॅक मोकळ्या गड्याची हालचाल पाहून ठरवतो, त्याला तिकडे ‘रीड’ म्हणतात. त्याला मी ‘वाचणे’ न म्हणता ‘हेरणे’ म्हणेन. जानेवारी २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को संघाच्या कॉलिन कॅपरनिक ह्या क्वार्टरबॅकने ग्रीन बे संघाविरुद्ध धावून १८१ यार्ड काढले. त्यातली ५६ यार्डांची धाव ह्यासाठी जरूर बघा. टोकाचा गडी रनिंग बॅककडे (चेंडू घेऊन धावू शकणाऱ्या साथीदाराकडे) आत झेपावतो, तो झेपावताना कॅपरनिक हेरतो, चेंडू स्वतःकडेच ठेवतो, आणि तो गडी वळून पाहीपर्यंत बाहेरचं सगळं मैदान मोकळं झालेलं असतं.