ऑगस्टा नॅशनल: परंपरेचं कौतुक किती करायचं?

सायली_आर
गोल्फची मास्टर्स स्पर्धा जवळ आली की ती भरवणाऱ्या ऑगस्टा नॅशनल क्लबच्या परंपरेचे गोडवे सुरू होतात. मला ते पटत नाही. गोल्फपटू बॉबी जोन्स आणि क्लिफर्ड रॉबर्ट्स यांनी अमेरिकेतल्या जॉर्जियात जुन्या रोपवाटिकेच्या जागेवर हा क्लब उभारला, १९३४ पासून स्पर्धा सुरू झाली. पण पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, तिथे उतरला तो १९७५ साली! पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९० मध्ये, स्त्रिया २०१२ मध्ये. सगळं जग जी स्पर्धा बघतं, तिच्या यजमानांनी 'क्लब आमचा खाजगी' म्हणून हात झटकू नयेत.

मिलिंद के
साफ असहमत. सभासद कोणाला करायचं हे क्लबच ठरवणार. २००२ मध्ये स्त्री-हक्क कार्यकर्त्या मार्था बर्क यांनी स्त्रियांच्या सभासदत्वावरून आंदोलन छेडलं, तेव्हा क्लबने प्रायोजकांनाच मोकळं केलं आणि पुढची दोन वर्षं स्पर्धा जाहिरातींविना दाखवली. एवढ्या पैशावर पाणी कोण सोडतं? आणि मैदानावर भेदभाव कुठे आहे? १९९७ मध्ये २१ वर्षांचा टायगर वुड्स १२ फटक्यांनी जिंकला, विजेत्याचं हिरवं जॅकेट त्यालाच मिळालं.

सायली_आर
टायगरच्या आधीचं बोला ना. कृष्णवर्णीय चार्ली सिफर्डने १९६७ आणि १९६९ मध्ये पीजीए टूरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ मालिकेतल्या, स्पर्धा जिंकल्या, त्याला मास्टर्सचं आमंत्रण कधीच आलं नाही. १९८२ पर्यंत खेळाडूंना क्लबचेच कॅडी (बॅग वाहणारे, सल्ला देणारे मदतनीस) घ्यावे लागत आणि ते सगळे कृष्णवर्णीय. पांढरा डगला घालून, खांद्यावर बॅग घेऊन ते अठराही होल चालायचे. कुठल्या ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) चेंडू किती वळेल हे त्यांना तोंडपाठ. त्यांच्यातला एखादा कितीही चांगला खेळला असता, तरी बोलावणार कोण होतं?

अनिकेत_नाशिक
सायलीताईंशी सहमत, एक भर घालतो. एल्डर आला तो कोणाच्या मेहेरबानीने नव्हे. टूरवरची स्पर्धा जिंकणाऱ्याला थेट प्रवेश, असा नियम सत्तरच्या दशकात झाला. एल्डर १९७४ मध्ये पेन्साकोलाला जिंकला आणि मग त्याला अडवायची सोय उरली नाही. निवड मर्जीवर असती तर त्याचाही सिफर्ड झाला असता.

मिलिंद के
सिफर्डवर अन्याय झाला, ते मान्य. पण मर्जी नेहमी वाईटच असते असं नाही. जीव मिल्खा सिंग २००७ मध्ये जागतिक क्रमवारीच्या जोरावर खेळला, मास्टर्स खेळणारा तो पहिला भारतीय. शुभंकर शर्माला मात्र २०१८ मध्ये खास आमंत्रण मिळालं. आमंत्रण बंद करा म्हणाल तर अशा पोरांची संधी जाईल. आणि २०१९ पासून महिला हौशी खेळाडूंची स्पर्धाही तोच क्लब भरवतोय.

सायली_आर
आमंत्रणं बंद करा असं मी म्हटलेलंच नाही, ती कोणत्या निकषावर देता ते जाहीर करा. आणि त्या महिला स्पर्धेचे पहिले दोन राउंड दुसऱ्याच क्लबवर होतात. ऑगस्टावर स्पर्धेचा फक्त शेवटचा राउंड, तोही कट, म्हणजे आधीच्या राउंडनंतरची छाटणी, पार केलेल्या मुलींनाच. पुरुषांना चारही दिवस देता, मग मुलींना तिन्ही राउंड तिथे का नाहीत?